टेप ड्राइव्ह, कूलर आणि परभणीचा मे महिना

मे महिन्यात एका स्टुडिओवाल्या ओळखीच्या माणसाचा फोन आला, लग्नाच्या शूटिंगची कामं करतात, दहा-बारा वर्षांचं फुटेज साठलेलं, हार्ड डिस्क एकेक करून मरायला लागल्या म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून सेकंडहँड टेप ड्राइव्ह, म्हणजे चुंबकी टेपवर डेटा उतरवणारं मशीन, घेतला होता. म्हणले, दादा, हा ड्राइव्ह रात्री मधीच थांबतोय, कधी एरर देतोय, कधी टेप बाहेर फेकतोय, तुम्हीच बघा आता. मी विचारलं खोलीत गरम तर होत नाही ना? तर म्हणले, छे हो, मशीनसाठी स्पेशल मोठा कूलर लावलाय, खोली अशी गार आहे की आमची पोरं दुपारी तिथंच झोपायला जातात.

कूलर हा शब्द ऐकला आणि निम्मं निदान फोनवरच झालं. पण ते नीट समजायचं तर टेप ड्राइव्हला नेमकी कसली हवा लागते हे आधी बघावं लागेल, कारण आपल्याकडं समज असाय की मशीन म्हणजे गार ठेवलं की झालं. कॉम्प्युटरसाठी ते बऱ्यापैकी खरं पण आहे. टेपचं प्रकरण वेगळं आहे.

टेप म्हणलं की लोकांना जुनी गाण्याची कॅसेट आठवते, पेन्सिल घालून गुंडाळायची ती. आणि पुढचा प्रश्न ठरलेला, ते अजून चालतं का? चालतं, आणि लै जोरात चालतं. आज सगळीकडं जी टेप वापरतात तिला एलटीओ म्हणतात, लिनिअर टेप ओपन. २००० साली पहिली पिढी आली तेव्हा एका कार्ट्रिजमधी १०० जीबी मावायचं, २०२१ ला नववी पिढी आली तिच्यात १८ टीबी, तेही कॉम्प्रेशन न धरता. बँका, दवाखान्यांची स्कॅनिंगची रेकॉर्डं, सिनेमावाले, तिकडं युरोपातली सर्न प्रयोगशाळा, सगळ्यांचा जुना डेटा टेपवर आहे. २०११ च्या फेब्रुवारीत जीमेलच्या काही लोकांचे मेलबॉक्स एका सॉफ्टवेअर बगमुळं रिकामे झाले होते, तेव्हा गूगलनं ते परत आणले ते टेपवरूनच. कारण साधंय, कपाटात ठेवलेल्या टेपला वीज लागत नाही आणि ती नेटवर्कला जोडलेली नसते, त्यामुळं व्हायरस आला तरी तिच्यापर्यंत पोचत नाही.

आता त्या कार्ट्रिजच्या आत काय असतं ते बघा, कारण सगळी भानगड तिथंच आहे. तळहातावर मावेल एवढा डबा. त्यात एलटीओ ९ ची पट्टी १०३५ मीटर लांब, म्हणजे किलोमीटरच्या वर. रुंदी अर्धा इंच, १२.६५ मिलिमीटर. जाडी ५.२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आपला केस साधारण ७० मायक्रॉन धरला तर त्याच्या तेराव्या हिश्श्याएवढी. आणि त्या अर्ध्या इंचात शेजारी शेजारी ८९६० ट्रॅक. साधा भागाकार करा, एका ट्रॅकच्या वाट्याला दीड मायक्रॉनसुद्धा येत नाही. हेड, म्हणजे ड्राइव्हमधला लिहिणारा-वाचणारा भाग, एका वेळी ३२ ट्रॅक लिहितं, म्हणजे टेप पूर्ण भरायला ती या टोकापासून त्या टोकापर्यंत २८० वेळा पळवावी लागते. १०३५ गुणिले २८०, जवळपास २९० किलोमीटर झाले! परभणीहून निघालं तर छत्रपती संभाजीनगर मागं टाकून नाशिकच्या वाटेला लागावं एवढं अंतर, ते पण साडेबारा तासांत, ताशी तेवीस किलोमीटरच्या वेगानं, हेडला घासत घासत, आणि दीड मायक्रॉनचा निशाणा न चुकवता.

आणि ही पट्टी बनलीय कशाची, तर प्लास्टिकची. पॉलिस्टरच्या जातीतलं पातळ फिल्म आणि वर बेरियम फेराइटच्या चुंबकी कणांचा थर. (पहिल्या कॉम्प्युटरी टेपा धातूच्या होत्या बरं का, १९५१ च्या युनिव्हॅक मशीनला निकेलचा मुलामा दिलेली कांस्याची पट्टी होती, जड असायची पण पावसाळ्यात फुगायची नाही.) प्लास्टिक उष्णतेनं पसरतं हे सगळ्यांना माहितीय. हे फिल्म हवेतल्या ओलीनं पण पसरतं हे फार जणांना माहिती नसतं. जुन्या वाड्याचं सागवानी दार उन्हाळ्यात सटकन लागतं आणि श्रावणात खांदा मारल्याशिवाय लागत नाही, तसंच. दार फुगलं तर रंधा मारता येतो, टेपला काय मारणार?

किती पसरतं? डोळ्याला दिसणार नाही इतकं. पण हिशोब करून बघा. टेपच्या रुंदीचे चार पट्टे पाडलेले असतात डेटाचे, त्यांच्या कडेनं पाच बारीक सर्व्हो पट्टे, सर्व्हो म्हणजे हेडला रस्ता दाखवणाऱ्या पांढऱ्या रेघा समजा. हेड दोन सर्व्हो पट्ट्यांच्या मधी, पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास रुंदीत, ३२ ठिकाणी एकदम लिहितं. टेप दहा हजारात एक भाग जरी पसरली तरी त्या पावणेतीन मिलिमीटरमधी पाव मायक्रॉनहून जास्त फरक पडतो. ट्रॅक दीड मायक्रॉनच्या आतला, त्यात पाव मायक्रॉन म्हणजे रस्त्याचा पाचवा हिस्सा गेला. हेड तर कडक आहे, ते काही टेपबरोबर पसरत नाही. मधले ट्रॅक बरोबर लागतात आणि कडेचे चुकायला लागतात. मग ड्राइव्ह परत परत वाचून बघतो, थांबतो, मागं जातो, परत येतो, आणि शेवटी हात वर करतो.

म्हणूनच एलटीओ ९ ची कोरी टेप पहिल्यांदा घातली की ड्राइव्ह काही न लिहिता बराच वेळ नुसती टेप फिरवत बसतो. सरासरी चाळीस मिनिटं, कधी दोन तास. लोक घाबरतात, हँग झाला म्हणून पॉवर बंद करतात, तसलं काही करू नका. तो त्या टेपचं माप घेत असतो, शिंप्यासारखं. आणि जिथं ती टेप पुढं वापरायचीय तिथल्याच हवेत ते माप घ्यायचं असतं. मुंबईच्या गोडाऊनमधून आलेली टेप डिलिव्हरीवाल्याच्या हातातून घेऊन सरळ ड्राइव्हमधी कोंबली तर ते माप घामेजलेल्या माणसाचं घेतल्यासारखं होतं.

आता आकडे. एलटीओ ड्राइव्हच्या कागदपत्रात साधारण असं असतं: चालू असताना तापमान १० ते ३५ डिग्री, काही जुन्या मॉडेलना थोडं जास्त चालतं. आर्द्रता २० ते ८० टक्के, पाणी न धरता. आणि तिसरा आकडा, जो बघून लोक पान उलटतात, वेट बल्ब जास्तीत जास्त २६ डिग्री. कपाटात वर्षानुवर्षं ठेवायच्या टेपांना याहून कडक, १६ ते २५ डिग्री आणि २० ते ५० टक्के. तुमच्या मॉडेलचं मॅन्युअल बघाच, एकदोन डिग्रीचा फरक असतो.

हा वेट बल्ब काय प्रकार आहे ते मराठवाड्यातल्या माणसाला समजवायला सोपंय, कारण आपण उन्हाळाभर त्याच्याच जिवावर जगतो. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून वारा घातला की पाणी उडताना उष्णता घेऊन जातं आणि पारा खाली येतो, जिथपर्यंत येऊन थांबतो ते वेट बल्ब तापमान. माठातलं पाणी गार होतं ते यामुळंच, आणि कूलर पण तेच करतो. हवा कोरडी असली की पाणी भसाभस उडतं आणि पारा लै खाली जातो. दमट हवेत उडतच नाही, म्हणून जुलैमधी कूलर नुसता वारा आणि चिकचिक देतो.

मे महिन्याची परभणी घ्या. दुपारी ४२ डिग्री, हवेत ओल १५ टक्के. अशा हवेचं वेट बल्ब २२ च्या जवळ येतं. चांगला कूलर तिथपर्यंत पूर्ण पोचत नाही, पण २६ डिग्रीची हवा आरामात देतो. थर्मामीटर बघितला तर खूश व्हायला होतं, २६! पण त्या हवेची आर्द्रता मोजली तर ती १५ वरून ७० टक्क्याच्या आसपास गेलेली असते. कूलरनं गर्मी काढून नेली आणि त्या बदल्यात खोलीत ओल भरली. आता गंमत बघा, ७० टक्के हे ८० च्या आत आहे, म्हणजे कागदावर सगळं ठीक. पण रात्री कूलरची टाकी रिकामी होते, किंवा पाणी आठ दिवसाआड येतं म्हणून कुणी भरतच नाही, मग तीच खोली दोन तासांत परत कोरडीठाक आणि गरम. सकाळी कुणीतरी येऊन टाकी भरतं, परत ७० टक्के. टेप बिचारी रोज एकदा फुगते आणि एकदा आक्रसते. दुपारी फुगलेली असताना लिहिलेलं मध्यरात्री आक्रसलेली असताना वाचायचं. वर कूलरला खिडकी उघडी लागते, नाहीतर तो चालतच नाही, म्हणजे रस्त्यावरची सगळी धूळ पण आत.

आमच्या स्टुडिओवाल्याचं नेमकं हेच झालं होतं. कूलरचं तोंड ड्राइव्हकडं, वाळ्याच्या ताट्यांचा मस्त वास, आणि समोर चार हात लांब कार्ट्रिजचा ढीग. मी घड्याळाएवढं एक डिजिटल मीटर तिथं ठेवलं, तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारं, चारपाचशे रुपयांत मिळतं, आणि चोवीस तास फोटो काढायला सांगितले. कूलर चालू असताना ७४ टक्के, पहाटे टाकी संपल्यावर २८. तापमान मात्र २७ ते ३३ च्या मधीच. म्हणजे नुसता थर्मामीटर ठेवला असता तर मी पण म्हणलो असतो, सगळं बरोबरय.

आता जूनचं बघा. मे मधी निदान वेट बल्ब तरी हद्दीत असतो. पहिला पाऊस पडून गेला, उकाडा तसाच, खोलीत ३४ डिग्री आणि ६० टक्के ओल. दोन्ही आकडे वेगवेगळे बघितले तर नियमात बसतात, ३५ च्या आत, ८० च्या आत. पण एकत्र वेट बल्ब काढलं तर ते २७ च्या वर जातं, म्हणजे हद्द ओलांडली. तिसरा आकडा देतात तो याच्यासाठी. गर्मी एकटी सहन होते, ओल एकटी सहन होते, दोघी हातात हात घालून आल्या की नाही. उकाड्यात आपलं पण तेच होतं ना, कोरड्या ४२ मधी माणूस शेतातून चालत येतो आणि दमट ३४ मधी बसल्या जागी हैराण.

आर्द्रता कमी असणं चांगलं मग, असं पण नाही. एप्रिल-मेच्या दुपारी २० टक्क्यांच्या खाली गेली की स्टॅटिक वाढतं, तुम्ही खुर्चीवरून उठून लोखंडी कपाटाला हात लावला की चटका बसतो ना, ते. प्लास्टिकची पट्टी त्या वेगानं हेडवरून पळतीय म्हणल्यावर तिथं काय होत असेल, आणि स्टॅटिक आलं की धूळ आपोआप चिकटतेच.

आता मला जे खरं सांगायचंय त्यावर येतो. टेपला गारवा पाहिजे असतो त्याहून जास्त तिला सारखेपणा पाहिजे असतो. डेटा सेंटरच्या हवेचे नियम करणारी अमेरिकेतली अ‍ॅश्रे नावाची इंजिनिअरांची संस्था आहे. ते सांगतात की साध्या सर्व्हरच्या खोलीत तासाभरात २० डिग्रीपर्यंत फरक पडला तरी चालवून घेऊ, फक्त पंधरा मिनिटांत ५ च्या वर नको. पण त्याच खोलीत टेप असेल तर अख्ख्या तासात ५ डिग्रीच्या वर फरक नको. चौपट कडक! कारण टेप ही गुंडाळी आहे, किलोमीटरभर पट्टीचे हजारो वेढे एकमेकांवर. बाहेरची हवा बदलली की बाहेरचे वेढे लगेच बदलतात, आतल्यांना पत्ता नसतो. वरचे फुगलेले, आतले जुन्याच मापाचे, मग गुंडाळीत ताण कमीजास्त होतो, वेढे सरकतात, कडा दुमडतात.

आपल्या म्हाताऱ्या माणसांना हे बरोबर माहिती होतं. ज्वारी पेवात ठेवायचे, जमिनीत खोल, आत उन्हाळा नाही की हिवाळा नाही, ओल लागू द्यायची नाही आणि सारखं सारखं उघडायचं नाही. माळवदाचं घर तसंच, वर पांढऱ्या मातीचा हातभर थर, दुपारचं ऊन आत पोचेपर्यंत रात्र होते. आणि आता आपण काय करतो, तर सर्व्हर, बॅटऱ्या आणि टेप ड्राइव्ह नेऊन ठेवतो गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, का तर खालची जागा भाड्यानं देता येते. पत्रा सकाळी नऊला तापायला लागतो आणि संध्याकाळी सातला धाडकन गार होतो. टेपसाठी याहून वाईट जागा शोधून सापडायची नाही.

पत्रा नसला तरी ऑफिसात एक वेगळाच घोळ असतो, आणि हा मी इतक्या ठिकाणी बघितलाय की आता नवीन ठिकाणी गेलो की पहिला प्रश्न हाच विचारतो: रात्री एसी कोण बंद करतं? बॅकअप कधी चालतो, तर रात्री अकरानंतर, सगळे घरी गेले की. एसी कधी चालतो, तर सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, माणसं असतात तेव्हा. सहा वाजता शिपाई मामा सगळे दिवे-पंखे-एसी बंद करून कुलूप लावून जातात, त्यांची काही चूक नाही, त्यांना बिल कमी करायला सांगितलेलंय. मग त्या बंद खोलीत सर्व्हर, स्टोरेज, युपीएस मिळून सातशे वॅट चालूच असतात, म्हणजे एक इस्त्री चालू ठेवून दार लावून गेल्यासारखं. अकरापर्यंत खोली पस्तिशीच्या पुढं, आणि नेमकं तेव्हाच ड्राइव्हचं काम सुरू. सकाळी दहाला साहेब येतात, एसी १८ वर लावतात, तासाभरात खोली दहा डिग्रीनं खाली. म्हणजे टेप रात्रभर तापत लिहिते आणि सकाळी तिला थंड पाण्याची आंघोळ. रविवारी तर दिवसभर एसी बंद, म्हणून सोमवारच्या लॉगमधी, म्हणजे मशीनच्या नोंदवहीत, सगळ्यात जास्त एरर.

लाइट गेली की अजून एक प्रकार. इन्व्हर्टरवर सर्व्हर आहे, ड्राइव्ह आहे, एसी नाही, कारण एसी इन्व्हर्टरवर ओढत नाही. म्हणजे गरम करणारे सगळे चालू आणि गार करणारा एकटा बंद. लाइट दोन तास गेली तर बॅकअप आपला आपण थांबेल असं सॉफ्टवेअरमधी सेट करून ठेवा, युपीएस तसा सिग्नल देऊ शकतं, ती वायर तेवढी जोडावी लागते, नव्वद टक्के ठिकाणी ती पॅकिंगमधीच असते.

आता गंमत अशी की ड्राइव्ह स्वतः काही फार तापवत नाही. तीसेक वॅट खातो, जुन्या काळी आपण घरात लावायचो त्या मोठ्या सीएफएलएवढा. सर्व्हर त्याच्या दहा-वीस पट खातो. म्हणजे ड्राइव्ह शेजाऱ्यांच्या गर्मीत भाजतो. हवा साधारण पुढून आत, मागून बाहेर अशी जाते. रॅकमधी, म्हणजे मशीनं एकावर एक बसवायच्या कपाटात, सर्व्हरची गरम हवा मागं पडते आणि मधी रिकामी फट राहिलेली असली की तीच हवा वळून परत पुढं येते आणि ड्राइव्ह ती ओढतो. फटी बंद करायला ब्लँकिंग पॅनल म्हणून साध्या पट्ट्या मिळतात. गरम हवा वर जाते म्हणून ड्राइव्ह रॅकच्या वरच्या भागात नको, आणि अगदी फरशीला टेकून पण नको, झाडू मारला की सगळी धूळ त्याच्यात. बाहेर ठेवायचा डबा-ड्राइव्ह असला तर मागं पंखा असतो, तो भिंतीला चिकटवू नका. आणि धूळ नको म्हणून त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घालणारे लोक मी बघितलेत, तो टीव्ही नाहीये हो. कुठं पण बघा, खोलीचं तापमान म्हणजे ड्राइव्हच्या तोंडाशी आत जाणाऱ्या हवेचं तापमान, एसीच्या रिमोटवर दिसतं ते नाही.

ड्राइव्हच्या आत हेडजवळ तर खोलीपेक्षा जास्तच असतं, त्यात कॉम्प्युटर हळू असला आणि डेटा पुरवू शकला नाही की टेप थांबते, मागं जाते, परत पळते, पुढंमागं पुढंमागं, बूट पॉलिश केल्यासारखं, म्हणून त्याला शू-शायनिंगच म्हणतात. ड्राइव्ह आपला वेग थोडा कमी करून जुळवून घेतो, पण एका मर्यादेखाली त्याला जाता येत नाही. मोटरला काम जास्त, टेपला झीज जास्त. जुन्या यूएसबी डिस्कवरून सरळ टेपवर लिहू नका, आधी फास्ट डिस्कवर घ्या मग टेपवर.

धुळीवर थोडं बोलायलाच पाहिजे, कारण आपल्याकडं ती स्पेशल असते. काळ्या मातीची बारीक पूड एप्रिलपासून हवेत असतेच, वर परभणी-सेलू-मानवतकडं जिनिंगच्या हंगामात कापसाचे तंतू उडतात, लातूरला डाळमिलचा भुसा, जालन्याला स्टीलच्या कारखान्यांची लोखंडी पूड, आणि चुंबकी पट्टीशेजारी लोखंडी पूड म्हणजे काय ते सांगायला नको. टेप हेडला घासून चालते, मधी एक कण आला तरी हेड उचललं जातं आणि तिथला डेटा दिसत नाही, कण कडक असला तर ओरखडा कायमचा. म्हणून खिडकी बंद, दाराला खालून रबर, प्रिंटर आणि झेरॉक्स मशीन दुसऱ्या खोलीत कारण टोनरची पूड पण धूळच. महिन्यातून एकदा पोरगा येऊन ब्लोअरनं कॉम्प्युटर साफ करतो ना, त्या दिवशी टेपा आधी डब्यात घालून बाहेर काढा. क्लीनिंग कार्ट्रिज ड्राइव्हनं मागितली तरच घाला, रोज सकाळी पूजेसारखी नको, तिची पट्टी हेडला घासून साफ करते म्हणजे झिजवते पण, आणि एक कार्ट्रिज साधारण पन्नास वेळाच चालते.

एसी लावायचा तर कसा, हे पण सांगतो कारण तिथं पण चुका होतात. छोट्या खोलीला दोन टनाचा एसी लावला की तो पाच मिनिटांत खोली गार करून बंद पडतो, परत चालू, परत बंद. एसी ओल काढतो ती चालू असताना, हवा गार कॉइलवरून गेली की पाणी होऊन पाइपातून बाहेर पडतं, तो चाललाच नाही तर ओल निघणार कशी. त्यामुळं खोली गार पण दमट राहते. एक टन म्हणजे साडेतीन किलोवॅट उष्णता काढतो, तुमची मशीनं सातशे वॅटची असली तर खोलीचं ऊन-भिंती धरून सुद्धा लहानच एसी पुरतो. २४-२५ वर लावा आणि रिमोट कपाटात ठेवा. १८ वर लावून काही फायदा नाही. अ‍ॅश्रेची शिफारस पण १८ ते २७ आहे, आधी २००४ मधी ती २० ते २५ होती, पुढं वीज वाचवायला मोठ्या डेटा सेंटरवाल्यांनी खोल्या जरा उबदार ठेवायला सुरुवात केली. सर्व्हरला ते चाललं, टेपची पंचाईत झाली, म्हणून आयबीएमनं त्यांच्या टीएस४५०० टेप लायब्ररीच्या (ढीगभर टेपा आपोआप लावणारं-काढणारं मशीन) कपाटालाच स्वतःचा एसी बसवून द्यायचा पर्याय काढला. आपल्याला तेवढं नको, दोन लहान एसी टायमरवर आळीपाळीनं चालवले, एटीएमच्या खोलीत असतात तसे, तर एक बंद पडला तरी दुसरा धरून ठेवतो. फक्त एसीचा झोत सरळ ड्राइव्हवर नको.

उंचीचं पण मॅन्युअलमधी लिहिलेलं असतं, आपण समुद्रापासून चारसहाशे मीटरवर, त्याची चिंता लडाखवाल्यांनी करावी.

प्रवासाचं मात्र नीट बघा. एक कॉपी दुसऱ्या गावी ठेवायची म्हणून लोक टेप घेऊन निघतात आणि गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवतात, मे मधी बंद गाडीत तिथं पापड भाजतील. पावसाळ्यात उलटं होतं. जुलैमधी आपल्या हवेचा दवबिंदू २२-२३ च्या आसपास असतो, म्हणजे त्याहून गार वस्तू बाहेर काढली की तिच्यावर पाणी धरतं, फ्रिजमधल्या बाटलीला धरतं तसं. एसीच्या १९-२० डिग्रीत ठेवलेली टेप एकदम बाहेर काढली तर तेच होणार, फक्त बाटली पुसता येते आणि किलोमीटरभर पट्टी पुसता येत नाही. डब्यात, डबा पिशवीत, पिशवीचं तोंड बंद, आणि नवीन जागी पोचल्यावर चोवीस तास तशीच ठेवायची, मगच ड्राइव्हमधी घालायची. घाई असली तरी. दवाखान्याच्या एका कामात मी स्वतः हे पाळलं नव्हतं, पेशंटचं जुनं स्कॅन तातडीनं पाहिजे होतं म्हणून कुरिअरमधून आलेली टेप अर्ध्या तासात घातली, वाचताना तीन वेळा अडकली, आणि दुसऱ्या दिवशी तीच टेप एका दमात वाचली गेली. डॉक्टरसाहेबांना काय सांगावं कळेना.

ड्राइव्ह तोंडानं बोलत नसला तरी लिहून ठेवतो. टेपअलर्ट नावाची एक पद्धत आहे, ६४ झेंडे असतात, काही झालं की ड्राइव्ह त्यातला एक वर करतो. २० नंबर म्हणजे आत्ता साफ कर, २६ म्हणजे पंखा गेला, ३५ म्हणजे आर्द्रता, ३६ म्हणजे तापमान. बॅकअपच्या सॉफ्टवेअरमधी हे दिसतं, लिनक्सवर एका कमांडनी निघतं. सगळे ड्राइव्ह सगळे झेंडे वापरत नाहीत, पण बघायची सवय लावा. स्टुडिओवाल्याच्या लॉगमधी ३६ एकदाच होता आणि २० मात्र सतरा वेळा. प्रत्येक वेळी त्यांनी ओके दाबलेलं.

शेवटी त्यांनी काय केलं, तर ड्राइव्ह वरच्या मजल्यावरून खाली आणला, मधल्या खोलीत, जिथं पूर्वी धान्याच्या कणग्या असायच्या, जाड दगडी भिंती, एकच छोटी खिडकी, ती बंद केली, एक टनाचा एसी २५ वर. मे मधल्या टेपा परत वाचून बघितल्या, दोन सोडून सगळ्या वाचल्या गेल्या, त्या दोन्हीतलं फुटेज नशिबानं जुन्या डिस्कवर होतं, ते नवीन टेपवर घेतलं.

आणि ज्यांना एसी परवडत नाही ते विचारतात की मग आम्ही काय करायचं, टेप वापरायचीच नाही का. वापरा की. मधली खोली शोधा, खालच्या मजल्यावरची, पश्चिमेची भिंत नसलेली. बॅकअपची वेळ रात्री अकरावरून पहाटे चारवर न्या, मे मधी पण आपल्याकडं पहाटे २६-२८ असतं आणि तेव्हाची हवा पण दुपारएवढी कोरडी नसते, सात वाजेपर्यंत काम उरका. एका वेळी अख्खी टेप न भरता रोज थोडं थोडं लिहा. मीटर ठेवा. लिहून झालेल्या टेपा डब्यात घालून, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून, देवघराच्या कपाटात ठेवल्या तरी चालतील, अगरबत्तीचा धूर लागत नसेल तर. फक्त जूनच्या मध्यापासून पाऊस स्थिरावेपर्यंत, उकाडा आणि ओल दोन्ही वर असतात तेव्हा, दुपारी टेप लावू नका. तेवढे तीनचार आठवडे डिस्कवर साठवा आणि मीटर खाली आलं की टेपवर उतरवा.